युसुपोव्हची नऊ पुस्तकं : तिघांची तीन मतं आणि तुमचा मुलगा

सेलूच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा सातवीत, मराठी माध्यमात. बुद्धिबळातलं फिडे रेटिंग (जागतिक महासंघानं दिलेला, खेळाची ताकद दाखवणारा आकडा) १५३०. रोज मोबाइलवर कोडी सोडवतो, यूट्यूबवर डाव बघतो, पण सहा-आठ महिन्यांपासून रेटिंग जागचं हललेलं नाही. एका स्पर्धेत कुणी सांगितलं, ग्रँडमास्टर अर्तुर युसुपोव्हची नऊ पुस्तकं आणा, मग दुसरं काही लागत नाही. दुसऱ्या पालकांनी सांगितलं, फार जड आहेत, लेकरू बुद्धिबळालाच कंटाळेल. तिसरे म्हणाले, संगणकाच्या जमान्यात ती जुनी झाली. नऊंचा संच काही हजारांत जातो. घ्यावा की नाही?

ताई, आधी थेट उत्तर. एकच पुस्तक घ्या. नारिंगी रंगातलं पहिलं, म्हणजे ‘बिल्ड अप युअर चेस’चा पहिला भाग. बाकीची आठ आज नकोत. आणि त्या तिघांपैकी कुणावरही रागावू नका. ही तिन्ही मतं मी लातूरच्या वर्गात आणि स्पर्धांच्या हॉलबाहेर थांबलेल्या पालकांच्या घोळक्यात वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात खरी, पण तिघांनी ते पुस्तक तीन वेगळ्या रीतीने हाताळलेलं असतं आणि प्रत्येक जण आपला अनुभव सांगत असतो.

लेखकाबद्दल थोडं सांगतो, कारण पुस्तक असं का आहे ते त्यावरून कळतं. युसुपोव्ह यांचा जन्म १९६०चा, मॉस्कोतला. १९७७ साली ते ज्युनिअर विश्वविजेते झाले आणि ऐंशीच्या दशकात जगातल्या पहिल्या तिघांपर्यंत पोचले. जगज्जेत्याला आव्हान देणारा खेळाडू कँडिडेट्समधून ठरतो. तिथे ते तीनदा उपांत्य फेरीपर्यंत गेले. १९९१ साली ब्रसेल्समध्ये ग्रँडमास्टर इव्हानचुकविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी त्यांनी पांढऱ्या राजावर जो हल्ला चढवला, तो डाव आजही वर्गात पटावर मांडला की मुलं जागची उठून पटाभोवती येतात. १९९५ला न्यूयॉर्कमध्ये आनंद कास्पारोव्हशी जगज्जेतेपदासाठी खेळला, तेव्हा आनंदच्या मदतनीसांमध्ये युसुपोव्ह होते. त्यांचे स्वतःचे गुरू मार्क द्वोरेत्स्की. आयुष्यभर निवडक स्थितींची कार्डं जमवून विद्यार्थ्यांना त्यांवर घासणारे प्रशिक्षक म्हणून बुद्धिबळाच्या जगात त्यांचं नाव आहे. ही नऊ पुस्तकं त्याच घराण्यातली आहेत. शिकवणं थोडं, सोडवणं फार. जागतिक महासंघानं या मालिकेला बोलेस्लाव्स्की पदक दिलं, ते उत्तम प्रशिक्षण-पुस्तकांसाठी दिलं जातं.

आता रचना. प्रत्येक पुस्तकात २४ धडे. धड्याच्या सुरुवातीला एक विषय आणि त्यावरची काही उदाहरणं. मग १२ कोडी. प्रत्येक कोड्याला एक ते तीन तारे, जितके तारे तितकं अवघड आणि तितके गुण. शेवटी किती गुण मिळाले तर उत्तम, किती मिळाले तर चांगलं आणि किती मिळाले तर जेमतेम पास, ते छापलेलं असतं. त्याहून कमी पडले तर धडा पुन्हा वाचा आणि चुकलेली कोडी पुन्हा सोडवा, असं स्पष्ट सांगितलेलं असतं. बहुतेक लोक ही शेवटची ओळ वाचतात आणि पान उलटतात. मतभेदाची सुरुवात इथेच होते.

लातूरकरांना हे समजावायला मला कधी कष्ट पडले नाहीत. लातूर पॅटर्नमध्ये मुलं काय करतात? धडा झाला की पेपर, पेपर झाला की चुकांची वही, मग तोच पेपर पुन्हा. युसुपोव्हची पुस्तकं तशीच वापरायची असतात. फरक एवढाच की इथे आदर्श उत्तर पाठ करून काही मिळत नाही, कारण तीच स्थिती डावात पुन्हा तशीच येत नाही.

‘जड आहेत’ या मताकडे येतो, कारण तुमच्या मुलासाठी तेच महत्त्वाचं आहे. तक्रार खरी आहे. नारिंगी पुस्तकं १५०० पर्यंतच्या खेळाडूंसाठी, निळी १५०० ते १८०० आणि हिरवी १८०० ते २१०० साठी, असं प्रकाशक सांगतात. ते वाचून १५३० चा मुलगा म्हणतो, मी तर निळ्याच्या लायकीचा. निळं उघडतो, तिसऱ्याच धड्यात नापास होतो आणि पुस्तक कपाटात जातं.

पण हे आकडे मुळात कुठले? ही मालिका आधी जर्मनीत, तिथल्या राष्ट्रीय रेटिंगच्या पायऱ्या समोर ठेवून आली. ते माप वेगळं, फिडेचं माप वेगळं. त्यात फिडेनं १ मार्च २०२४ रोजी २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एका सूत्राने वाढवलं. २००० मधून तुमचं रेटिंग वजा करायचं आणि जे उरेल त्याचे ४० टक्के मिळवायचे. आदल्या दिवशी १२१७ असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी १५३० झाला. रात्रीत त्याला एक चालही जास्त दिसायला लागली नव्हती. म्हणून मी रेटिंगचा आकडा बघून पुस्तक निवडतच नाही. नारिंगीतला मधला एखादा धडा काढतो, १२ कोडी देतो आणि वही तपासतो. १४०० चा एखादा मुलगा सहज पास होतो आणि १७०० चा अडखळतो, असं नेहमी होतं. अनेक अनुभवी खेळाडू म्हणतात की आपल्याला जो रंग योग्य वाटतो, त्याच्या एक रंग खालून सुरुवात करावी. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

यातला जडपणा म्हणजे काय, ते एका साध्या स्थितीवरून दाखवतो. ही पुस्तकातली नाही, राजा-प्याद्याच्या खेळाची अगदी मूलभूत आहे. पांढरा राजा ई६ वर (ई ही उभी ओळ, ६ ही आडवी), पांढरं प्यादं ई५ वर, काळा राजा ई८ वर. पांढऱ्याची चाल. जिंकतो का?

मोबाइलवर कोडी सोडवणारा मुलगा दोन सेकंदांत म्हणतो, ‘राजा डी६.’ बरोबर आहे. मी म्हणतो, लिही पुढचं. काळा राजा डी८. आता? इथे बरेच जण थांबतात. प्यादं ई६, राजा ई८, प्यादं ई७. हे प्यादं सातव्या रांगेत गेलं तेव्हा शह बसला नाही, म्हणून काळ्या राजाला एफ७ वर जावंच लागतं आणि पांढरा राजा डी७ वर येऊन प्याद्याला शेवटच्या घरात नेतो. मग मी विचारतो, याच स्थितीत चाल काळ्याची असती तर? तेव्हाही पांढराच जिंकतो. राजा डी८ वर गेला तर पांढरा राजा एफ७, राजा एफ८ वर गेला तर डी७. पण हेच तिन्ही मोहरे एक-एक घर खाली आणा : पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. आता सगळं कुणाची चाल आहे त्यावर ठरतं. पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो.

पहिली चाल ओळखणं आणि हे सगळं वहीत उतरवणं यातलं अंतर म्हणजेच ‘युसुपोव्ह जड आहे’. मोबाइल एक चाल बरोबर आली की हिरवी खूण दाखवतो आणि प्रतिस्पर्ध्याची चाल स्वतःच खेळून देतो. मुलाला दुसऱ्या बाजूने विचार करायची गरजच पडत नाही. स्पर्धेच्या पटावर समोरच्याची चाल कुणी आधी सांगत नाही. तुमचा मुलगा रोज कोडी सोडवूनही अडकला आहे, त्याचं कारण मला इथे दिसतं. त्याची नजर चांगली आहे, पण हिशेब अर्ध्यात सुटतो.

दुसरी तक्रार चांगले खेळाडूही करतात, ती म्हणजे समजावून फार थोडं सांगितलंय. हीही खरी. युसुपोव्ह एखादी कल्पना दोन ओळींत सांगतात, उदाहरण देतात आणि पुढे जातात. काही इंग्रजी लेखक गप्पा मारल्यासारखं लिहितात, तो गोडवा इथे नाही. एकट्यानं, शिक्षकाशिवाय, पलंगावर पडून वाचणाऱ्या मोठ्या माणसाला हे कोरडं वाटणारच. बँकेत किंवा शाळेत नोकरी करून शनिवार-रविवारी खेळणारे माझे कितीतरी मित्र आहेत. त्यांनी पहिला धडा वाचला आणि सोडून दिलं. त्यांना मी आग्रह करत नाही. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला आनंदासाठी दुसरी पुस्तकं आहेत.

पण कोरडेपणाचा एक मोठा फायदा तुमच्या घरी होईल. शब्द कमी असल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला हे पुस्तक इंग्रजीत असूनही वाचता येतं. चाली मोहऱ्यांच्या छोट्या चित्रांनी छापलेल्या आहेत, इंग्रजी अक्षरं लक्षात ठेवावी लागत नाहीत. घोडा म्हणजे घोड्याचंच चित्र. धड्याच्या सुरुवातीचे दोन-चार परिच्छेद तुम्ही त्याच्याजवळ बसून वाचून द्या. तुम्हाला बुद्धिबळ येत नसलं तरी चालेल. पहिल्या पंधरा दिवसांत त्याला ‘पिन’ (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे जखडलेला मोहरा), ‘डबल अटॅक’, ‘पास्ड पॉन’ असले नेहमीचे शब्द माहीत आहेत की नाहीत ते कळेल, आणि नसलेला शब्द त्याच्या सरांना विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहायचा. परभणी-नांदेडच्या शाळांतली मुलं याच रीतीने नारिंगी पुस्तकं पुरी करतात, मी स्वतः बघितलं आहे.

तिसरं मत, जुनी झाली. हे मला पटत नाही. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं जुनी होतात, कारण तिथे दर महिन्याला नवीन चाल सापडते. राजा-प्याद्याचा खेळ, पिन, उघडी फाइल (प्यादी नसलेली उभी ओळ), कमकुवत घर यांना संगणकामुळे काही झालेलं नाही. एखाद्या कोड्यात संगणक लेखकानं न दिलेला दुसरा मार्ग काढून देतो, हे होतं. मुलाला असा दुसरा मार्ग सापडला तर मी त्याला पूर्ण गुण देतो, आणि त्या दिवशी वर्गात त्याचं कौतुक होतं. ज्यांना ओपनिंग पाठ करायची आहे त्यांच्यासाठी मात्र ही मालिका नाही. त्यात ओपनिंगचे धडे आहेत, पण ते तत्त्वं सांगतात, पाठांतराला चाली देत नाहीत.

काही जणांना आणखी एक गोष्ट खटकते. विषय सलग नाहीत. पहिल्या नारिंगी पुस्तकात मात करण्याचे नमुने झाले की ओपनिंगची तत्त्वं, मग साधे राजा-प्याद्याचे शेवट, मग दुहेरी शह. एक धडा कॉम्बिनेशनचा, लगेच पुढचा वजीर विरुद्ध प्यादं. लोक म्हणतात, सगळे एंडगेम, म्हणजे डावाचे शेवट, एकत्र का नाहीत दिले? मला हीच या मालिकेची सर्वांत मोठी ताकद वाटते. सलग महिनाभर पिनचीच कोडी सोडवली की मुलगा प्रत्येक स्थितीत पिनच शोधतो. डाव सुरू असताना पाठीमागे उभं राहून कुणी सांगत नाही की आता एंडगेमचं डोकं लाव. विषय बदलत राहिले की मुलगा स्थितीकडेच बघायला शिकतो.

त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे चुकीच्या रंगाच्या उंटाचा धडा आहे. पालक विचारतात, असल्या गोष्टी कधी उपयोगी पडणार? संभाजीनगरच्या एका स्पर्धेत माझी एक विद्यार्थिनी हरत होती. समोरच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि जी व एच फाइलवर दोन प्यादी, हिच्याकडे एक घोडा. तिनं घोडा देऊन जी प्यादं मारलं. प्रतिस्पर्ध्यानं घोडा घेतला, खूश झाला. तिनं राजा एच८ च्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. एच८ हे काळं घर, उंट पांढऱ्या घरांचा, त्यामुळे राजाला त्या कोपऱ्यातून हाकलता येतच नाही. जवळ आले तर स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण चालही उरत नाही, म्हणून बरोबरी. समोरचा मुलगा बराच वेळ प्रयत्न करत राहिला, शेवटी बरोबरी मान्य केली. घोडा द्यायचा निर्णय तिला हा धडा ठाऊक होता म्हणूनच सुचला.

क्रमाबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे दुकानदारही चुकीचं सांगतात. नावं बघून लोक ‘बिल्ड अप युअर चेस’चे एक, दोन, तीन असे भाग एकदम मागवतात. तसं केलंत तर मुलगा नारिंगीवरून निळ्यावर आणि निळ्यावरून थेट हिरव्यावर जाईल, आणि मधली सहा पुस्तकं राहून जातील. रंगाने जायचं. नारिंगीत ‘बिल्ड अप’, मग ‘बूस्ट युअर चेस’, मग ‘चेस इव्होल्यूशन’, तिन्हींचा पहिला भाग. त्यानंतर निळ्यांत तोच क्रम, त्यानंतर हिरव्यांत. नारिंगी तीन पूर्ण केलेला मुलगा माझ्या मते तालुक्यात कुणालाही भारी पडतो. हिरव्यांपर्यंत फार थोडे पोचतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

व्हॉट्सॲपवर या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. तुम्हालाही कुणीतरी पाठवेल. लेखकाच्या श्रमाचं जे व्हायचं ते होतंच, पण मुलाचंही नुकसान होतं. फोनमध्ये नऊच्या नऊ पुस्तकं आणि सोडवलेलं एकही नाही, अशी मुलं मला दर स्पर्धेत भेटतात. फोनवर उत्तर एका बोटाच्या अंतरावर असतं. छापील पुस्तकात उत्तरांचं पान तुम्ही एका कागदाने बांधून ठेवू शकता.

आता तुमच्या घरासाठी. आठवड्याला एक धडा, जास्त नाही. सोमवार-मंगळवारी उदाहरणं खऱ्या पटावर मांडून एकेक चाल खेळायची, नुसती नजरेने वाचायची नाहीत. बुधवारपासून रोज तीन-चार कोडी. आधी चित्राकडे बघून डोक्यात, दहा मिनिटं लागली तरी चालतील. नाहीच सुटलं तर पटावर मांडायचं. उत्तर वहीत पूर्ण लिहायचं, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चांगल्या प्रत्युत्तरासकट. तपासणी तुम्ही करा. पुस्तकातली चाल आणि वहीतली चाल जुळते का, एवढंच बघायचं आहे. पहिली चाल बरोबर पण पुढचं कोरं असेल तर गुण नाही. तो भांडेल. ऐकू नका.

पहिल्या सहा धड्यांत तो दोनदा नापास झाला तर घाबरू नका, ते अपेक्षितच आहे. सहाच्या सहा धड्यांत नापास झाला, तर मात्र पुस्तक तीन-चार महिने बाजूला ठेवा आणि त्याला एक आणि दोन चालींतल्या मातेची साधी कोडी भरपूर द्या. सहाही धड्यांत उत्तम गुण मिळाले तर मला त्याच्या वहीचे फोटो पाठवा. पुढचं नारिंगी कधी घ्यायचं ते त्यावरून ठरवू.

मोबाइल पूर्ण बंद करू नका. रोजची कोडी अर्ध्यावर आणा आणि तो वेळ वहीला द्या. स्पर्धा असेल त्या आठवड्यात नवा धडा उघडायचा नाही. पुणे-नाशिकच्या गाडीत बसताना वही बरोबर घ्या, आणि लाल खूण केलेली, चुकलेली कोडीच फक्त तिथे पुन्हा सोडवायला सांगा.